तिसरी फेरी

बायकोने त्याचे बॉक्सिंगचे ग्लव्हज बादलीत टाकले, वरून नळ सोडला आणि ते तरंगू लागले तसा त्यांच्यावर एक पाय दाबून उभी राहिली.

तो अर्धी दाढी करून तसाच मोरीच्या दारात आला. एका गालावर फेस, हातात वस्तरा.

"वेड लागलंय का तुला?"

"लागलंय."

"दुपारी लढत आहे माझी."

"म्हणूनच."

ती कामावर जायच्या कपड्यांत होती. गळ्यात स्कॅन सेंटरचे ओळखपत्र लोंबत होते. काल संध्याकाळी घरी आल्यापासून तिचे काहीतरी बिनसले होते. आमटीत दोनदा मीठ पडले आणि ती आमटी तिने स्वतःच मुकाट्याने संपवली. तेव्हा त्याने विचारले नाही. लढतीच्या आदल्या दिवशी तो कुणालाच काही विचारत नसे.

त्याने वस्तरा फळीवर ठेवला, तिचा दंड धरला आणि तिला बाजूला ओढले. ती हलेना. त्याने जोर लावला. बादली कलंडली, पाणी उंबऱ्यावरून बाहेरच्या खोलीत धावले, तिचा पाय घसरला आणि पडता पडता तिने त्याच्या छातीवर कोपर मारले. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला. पंजा उघडा, खांद्याच्या वर. तो तिथेच थांबला.

ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्या हाताकडे बघत होती.

"मार," ती म्हणाली. "तुझ्या वस्तादांचाच हात आहे तो. ओळखते मी."

हात खाली आला. तो ओल्या फरशीवर बसला आणि ग्लव्हज पिळू लागला. पिळले तरी त्यांतले पाणी काही संपेना. तिने फडके घेतले आणि पुसायला सुरुवात केली.

"वस्तादांचं नाव का काढलंस?"

"शिव्या घालायला. त्याला बंदी नाही."

"तुमच्याकडे आले होते का ते? सेंटरला?"

फडके थांबले. मग ते त्याच कोरड्या फरशीवर पुन्हा पुन्हा फिरू लागले.

"पेशंटचं मी घरी बोलत नाही. तुला माहितीये."

"हो की नाही, एवढंच सांग."

"पेशंटचं मी घरी बोलत नाही," ती पुन्हा म्हणाली, आणि तिची हनुवटी थरथरली.

तो काय समजायचे ते समजला: दुपारी ज्यांच्याशी लढायचे होते, ते वस्तादच तिचे पेशंट होते. तिचे काम त्याला ठाऊक होते. ती हृदयाचे स्कॅन काढत असे. सेंटरमध्ये नवीन मशीन बसले तेव्हा कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही तपासून घेतले होते, आणि तोही शर्ट काढून त्या गोल तोंडाच्या मशीनमध्ये सरकला होता. सुई नाही, औषध नाही. छातीवर चिकटवलेल्या तारा, श्वास रोखा, सोडा, झाले. नंतर तिने पडद्यावर दाखवले होते. हाडे पांढरी दिसतात ना, तसा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना साचला की तोही पांढरा दिसतो. मशीन त्या पांढऱ्याची बेरीज करून एक आकडा देते. शून्य आला तर हसत घरी जायचे. चारशेच्या वर गेला की डॉक्टर खुर्चीत सरळ होऊन बसतात. मोठा आकडा म्हणजे माणूस उद्या जाणार असे नव्हे, ती म्हणत असे. पण आजार घरात घुसून किती वर्षे पाय पसरून बसला आहे, ते कळते. अशा माणसाने पुढच्या तपासण्या होईपर्यंत जिनासुद्धा बेताने चढावा.

"मी नाही गेलो तर सगळे म्हणतील, घाबरला."

"म्हणू देत. म्हणण्यानं कुणी मरत नाही."

बोलून गेल्यावर तिने ओठ दाताखाली धरला. फडके तिथेच टाकून पिशवी उचलली आणि ती निघून गेली. दार एवढ्या जोरात आपटले की फळीवरचा वस्तरा खाली पडला.

वस्तादांशी लढायचे त्याच्या मनात नव्हते. लढत त्याच्यावर लादली गेली होती, आणि तीही त्याच्या पोरांसमोर.

तो एका शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये मुलांना बॉक्सिंग शिकवत असे. हात न उगारता शिकवतो, अशी त्याची ख्याती झाली आणि वस्तादांच्या क्लबातली पोरे एकेक करून त्याच्याकडे येऊ लागली. त्याने कुणाला बोलावले नव्हते. गेल्या महिन्यात एक दिवस वस्ताद बूट न काढता हॉलमध्ये शिरले, गादीवरून चिखल उठवत त्याच्यापर्यंत आले आणि काही न बोलता त्याच्या थोबाडीत दिली. हॉलभर आवाज घुमला. लहान मुले भिंतीला चिकटली.

"माझी पोरं फोडलीस आणि त्यांना शिकवतोस काय? नाच?" वस्ताद म्हणाले. "ये माझ्या रिंगमध्ये. तीन फेऱ्या. मग बघू कोण कुणाला काय शिकवतो."

गाल चुरचुरत होता. पोरे त्याच्याकडे बघत होती. तो "येतो" म्हणाला.

त्या हाताची त्याला जुनी ओळख होती. मिसरूड फुटायच्या वयात तो एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत हरला आणि हरल्यावर त्याने समोरच्याला मिठी मारली. कपडे बदलायच्या खोलीत वस्तादांनी दार लावले. "मिठ्या मारायला पाठवलं होतं तुला?" असे म्हणून उघड्या पंजाने डाव्या कानावर अशी हाणली की तो बाकावरून खाली गेला. उठला तेव्हा अर्धे जग गप्प झाले होते आणि कानातून रक्ताची धार गळ्यापर्यंत आली होती. दवाखान्याच्या बाकड्यावर वस्ताद त्याच्याशेजारी दिवसभर बसले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. पडदा फाटला आहे, आतली नसही गेली आहे, आता या कानाने ऐकू येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर ते जमिनीकडे बघत म्हणाले, "अजून एक शिल्लक आहे." दुसऱ्या दिवसापासून क्लबात त्याचे नाव बहिऱ्या पडले. ते नाव वस्तादांनीच ठेवले.

आणि बाप गेल्यावर रस्त्यावर मारामाऱ्या करत फिरणाऱ्या या पोराला गचांडी धरून क्लबात आणणारे, दोन वेळचे ताट समोर सरकवणारे हातही तेच होते. या दोन गोष्टींचा त्याला कधी मेळ घालता आला नाही. लग्न झाल्यावर त्याने क्लब सोडला. न सांगता, एका सकाळी.

दुपारी तो क्लबात पोचला तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. जुनी पोरे, नवी पोरे, त्यांचे बाप, शेजारच्या गॅरेजातले सगळे. रिंगच्या दोरांना लोक लोंबकळले होते. टॉवेलमामा दारातच भेटले. क्लबाइतकेच जुने, खांद्यावर कायम एक टॉवेल. तो त्यांनी झोपेतही काढला नसेल. आज पंच तेच होते. त्याच्या हातातल्या पिशवीतून पाणी गळताना त्यांनी पाहिले.

"हे काय? ग्लव्हज धुऊन आणलेस?"

"पडले पाण्यात."

"याच्यानं मारलंस तर दगडानं मारल्यासारखं होईल रे." त्यांनी आतून क्लबाची जुनी जोडी आणून दिली. "हे घे. वासानं आधी तूच मरशील, पण चालतील."

वस्ताद आतल्या खोलीत आरशासमोर हात चालवत होते. केस पांढरे झाले होते, पण पाठ अजून दाराच्या फळीसारखी. कातडीवर तेल लावल्यासारखा घाम. भोवती दहा-बारा जण होते.

"वस्ताद, जरा बाहेर येता? दोन मिनिटं."

"जे असेल ते चारचौघांत बोल."

"आज नको लढूया. पुढं कधीतरी बघू."

खोलीत हशा पिकला. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी आरशातूनच त्याच्याकडे रोखून पाहिले.

"का? बायकोनं परवानगी दिली नाही?"

लोक पुन्हा हसले. पण वस्तादांची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती. ते खरोखर उत्तराची वाट बघत आहेत, असे त्याला वाटले. आजाराचे कळले आहे म्हणून सांगावे तर खापर तिच्या डोक्यावर फुटणार. तिची नोकरी जाणार.

"तिचा काय संबंध?" तो म्हणाला.

वस्तादांचे खांदे जरा सैल झाले.

"मग हात बांध," ते म्हणाले आणि पाठ फिरवली.

त्याने मनाशी ठरवले: तीन फेऱ्या नुसत्या काढायच्या. अंगावर घ्यायचे, दंडावर, ग्लव्हजवर मारायचे, वेळ घालवायचा आणि घरी जायचे. हरलो तर हरलो.

घंटा वाजली. पहिला ठोसा त्याला दिसलाच नाही. ओठ दातांवर चिरडला आणि तोंडात रक्ताची खारट चव आली. दुसरा बरगडीवर, तिसरा पुन्हा तोंडावर. वस्ताद वयाला विसरून नव्हे, वयावर सूड उगवत असल्यासारखे मारत होते. त्याने हात वर घेतले, मान आत ओढली आणि मागे मागे सरकत राहिला. मधून त्याचा एखादा ठोसा जाई, तोही दंडावर.

"अरे, उशी झटकतोस काय!" कुणीतरी ओरडले.

"बहिऱ्या, घंटा ऐकू आली ना? सुरू झालंय!"

वस्तादांनी त्याला कोपऱ्यात कोंडले. पोट, पोट, जबडा. पाठीत दोर रुतला. प्रत्येक ठोशाबरोबर वस्तादांच्या घशातून लाकूड फोडताना निघतो तसा हुंकार निघत होता, आणि तो बिचारा मार खाता खाता त्या हुंकारांमधले श्वास ऐकत होता. लांब आहेत की तुटक? शिट्टी वाजते का? स्वतःच्या रक्तापेक्षा त्याचे लक्ष समोरच्याच्या ओठांच्या रंगावर होते. असा मार त्याने आयुष्यात कधी खाल्ला नव्हता.

दुसऱ्या फेरीत वस्तादांनी सगळे नियम गुंडाळून ठेवले. जवळ येताच डोके हाणले. त्याची भुवई फाटली आणि डावा डोळा रक्ताने भरला. टॉवेलमामांनी दोघांना सोडवले तर सुटता सुटता कोपर बसले. पुन्हा दोघे एकमेकांना भिडले तेव्हा वस्ताद त्याच्या डाव्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलले. कानात नुसती गरम वाफ शिरली. शब्द एकही कळला नाही.

"काय?" तो म्हणाला.

उत्तर म्हणून कमरेच्या खाली ठोसा बसला.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. बायको, मशीन, आकडा, सगळे पुसले गेले. तो कळवळून वाकला आणि वाकलेल्या अंगाचा सगळा भार घेऊन त्याने हूक मारला. तो वस्तादांच्या डाव्या बरगडीवर, कोपराच्या आत, नेमका बसला. पिकलेले फळ जमिनीवर पडावे तसा आवाज झाला.

वस्ताद जागच्या जागी थांबले. चेहऱ्यावरचा तांबडा रंग कुणी पुसून घ्यावा तसा उतरला आणि खालून राखाडी निघाला. कपाळावर मोठाले थेंब आले. पण डोळे शांत होते. त्या डोळ्यांत शाबासकीसारखे काहीतरी होते. आणि मग त्यांनी डावे कोपर बरगडीवरून बाजूला केले.

हे कोपर जागचे हलता कामा नये, हे त्याला याच माणसाने वेताच्या छडीने शिकवले होते. दंडावर वळ उठेपर्यंत.

"पुन्हा," वस्ताद खालच्या आवाजात म्हणाले. "तिथंच."

त्याचा हात मागे गेला, आणि घंटा झाली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तो डोळ्यातले रक्त पुसत राहिला. कुणी पाणी दिले ते त्याने तोंडावरून ओघळू दिले. आता त्याला सगळे स्वच्छ दिसत होते. या माणसाला स्वतःचा आकडा ठाऊक आहे. ठाऊक असूनच आला आहे. दवाखान्यात, खाटेवर, नळ्या लावून मरायचे नाही; रिंगमध्ये, उभ्याने मरायचे आहे. एवढी पोरे घडवली, बडवली, पण हे काम त्याने माझ्यासाठी राखून ठेवले. कान घेतला, नाव घेतले, आता आपले मरणही माझ्या गळ्यात बांधून जाणार. मी जन्मभर ते घेऊन फिरायचे.

आणि त्याहून वाईट म्हणजे त्याची उजवी मूठ ग्लव्हजच्या आत आवळली गेली होती. तिला तीच जागा पुन्हा हवी होती. ती आवळलेली मूठ पाहून त्याला जी भीती वाटली, तशी वस्तादांची कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या फेरीची घंटा झाली. वस्ताद मध्यभागी येऊन उभे राहिले. डावी बाजू उघडी, हात जवळजवळ खाली.

"ये. मार."

तो फिरत राहिला.

"मार ना! पोरं बघतायत तुझी. त्यांनाही हेच शिकवणार? बायकोच्या पदराआड लपायला?" एक ठोसा त्याच्या फाटक्या भुवईवर आला. "मार, भित्र्या! तुझ्या बापातही दम नव्हता, तुझ्यात कुठून येणार?"

लोक खवळले होते. रिंगच्या कडेला लाथा मारत होते, "मार, मार" असा एकच कालवा चालला होता. त्याने पाय रोवले, खांदा मागे नेला. उघडी बरगडी समोर होती. वर-खाली होणारी, घामाने चमकणारी. त्याने मारले. पूर्ण ताकदीने मारले, आणि अगदी शेवटी मनगट वळवले. ठोसा खांद्याला घासून हवेत गेला आणि तो स्वतःच्याच जोराने भेलकांडला.

मग तो रिंगच्या मधोमध खाली बसला.

पडला नाही, बसला. मांडी घालून, दोन्ही ग्लव्हज गुडघ्यांवर ठेवून.

मग एकदम गलका उसळला. कुणीतरी पाण्याची बाटली भिरकावली, ती त्याच्या पाठीवर आदळली.

"उठ," वस्ताद म्हणाले.

तो उठला नाही.

"उठ म्हणतो ना!" वस्तादांनी वाकून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. नाकाचे हाड मोडल्याचे त्याला आतून ऐकू आले. रक्त छातीवर, मांडीवर, फळ्यांवर सांडले. टॉवेलमामा मध्ये पडले, वस्तादांनी त्यांना ढकलून दिले. बनियनला धरून त्याला अर्धा उचलला, हाणला, खाली आपटला, पुन्हा उचलला. "उठ, हरामखोरा! उठ! असं नाही करायचं! उठ!"

तो मार घेत राहिला. ठोसे येत होते, पण हळूहळू त्यांतला जोर जात होता. वस्तादांचा आवाज फाटत चालला होता. शेवटचा ठोसा त्याच्या गालावर ओले फडके पडावे तसा पडला आणि तिथेच टेकून राहिला. दोघेही धापा टाकत होते. कुणाचा श्वास कुठला, ते कळत नव्हते.

टॉवेलमामांनी वस्तादांचा हात धरून वर केला. वस्तादांनी तो हिसडा मारून सोडवून घेतला आणि कुणाकडे न बघता दोरांखालून निघून गेले.

टॉवेलमामा त्याच्या नाकात कापूस कोंबत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते. लोक पांगले होते. जाता जाता त्याच्याच हॉलमधली दोन पोरे त्याच्याकडे न बघता बाहेर पडली, ते त्याने पाहिले.

"सगळ्याचा विचका केलास बघ तू," मामा म्हणाले.

"मी काय केलं?"

"दुसऱ्या फेरीत पडायचं ठरलं होतं त्यांचं."

त्याने मान वळवली. नाकातून कळ मस्तकात गेली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! पडणार होते, मी मोजणार होतो, तू जिंकणार होतास. मला सकाळीच सांगून ठेवलं. मामा, मोजताना उगाच रेंगाळू नका, मी काही उठणार नाही. पण तो असा तसा मारत नाही, म्हणाले, त्याला आधी चिडवावं लागेल. लुटूपुटूचं पडलो तर पोरं ओळखतील." मामांनी टॉवेलाने त्याची मान पुसली. "पडल्यावर तिथंच सगळ्यांना सांगायचं होतं, उद्यापासून क्लबाचा वस्ताद हा. पाडणाऱ्याच्या हातात द्यायचा होता क्लब. न लढता नुसताच दिला असता तर पोरांनी तुला मानलं नसतं, हे त्यांचं म्हणणं. आता जिंकून बसलेत. पुढं काय करायचं, त्यांना कळेना झालंय."

तो थोड्या वेळाने उठला आणि भिंतीचा आधार घेत आतल्या खोलीकडे गेला. दार नुसते लोटलेले होते.

वस्ताद बाकावर बसले होते. ग्लव्हज अजून हातांतच. नाड्या दातांनी सोडवायचा प्रयत्न करून झाला असावा, त्यांची टोके लाळेने ओली होती. पाठीची ती फळी आता वाकली होती. चेहरा अजून राखाडी होता, पण धाप ओसरली होती.

"कोणी सांगितलं होतं बसायला?"

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं पडायला?"

वस्तादांनी डोळे मिटले. "त्या मामाच्या तोंडात तीळ भिजत नाही."

तो त्यांच्यासमोर फरशीवर बसला, त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि मनगटाची गाठ चाचपू लागला. रक्ताने ती घट्ट बसली होती.

"मला वाटलं, तुम्हाला मरायचंय. माझ्या हातून."

बाहेर मामा रिंगच्या फळ्यांवर पाणी ओतत होते.

"तेही चाललं असतं," वस्ताद म्हणाले.

त्याची बोटे थांबली. मग पुन्हा गाठीला लागली.

"तिनं सांगितलं तुला?"

"नाही. एक शब्द नाही. नुसते ग्लव्हज बादलीत बुडवले."

वस्तादांना हसू आले. हसता हसता त्यांनी दुसऱ्या हाताचा ग्लव्ह छातीवर दाबून धरला आणि ते ओसरेपर्यंत वाट पाहिली.

"मी बजावलं होतं तिला. आजारी माणसावर तो हात टाकणार नाही म्हटलं, बोलू नकोस. तर मलाच दम भरते. जिना चढू नका म्हणे आणि रिंगमध्ये काय जाता! एवढीशी आहे, पण आवाज बघ तिचा."

"किती आला आकडा?"

"चार आकडी." वस्ताद छताकडे बघत म्हणाले. "जन्मात कुठल्या परीक्षेत एवढे मार्क पडले नव्हते मला."

गाठ जरा हलली. त्याने दातांत नाडी धरून ओढली. नाकातला कापूस भिजून एक थेंब वस्तादांच्या मनगटावर पडला. दोघांनीही तो पुसला नाही.

"परवा पुढची तपासणी आहे," वस्ताद म्हणाले. "मनगटातून नळी घालून आत बघतात म्हणे. तिनंच वेळ घेऊन दिलीय. म्हणाली, घरचं कुणीतरी सोबत आणा. सही लागते."

तो गाठ सोडवत राहिला.

"मामाला गाडी चालवता येत नाही," वस्ताद भिंतीकडे बघत म्हणाले.

नाडी सुटली. त्याने ग्लव्ह ओढून काढला. आतला हात सुजला होता. त्याने तो काही क्षण तसाच धरून ठेवला, मग सावकाश बाकावर ठेवला.

"दुसरा द्या," तो म्हणाला.